पेडलखालचे चार स्क्रू

दुसऱ्याच्या गाडीत बसलो की माझा उजवा पाय गप्प राहत नाही. पुढचा टेम्पो जरा जवळ आला की मी समोरच्या रिकाम्या जागेत ब्रेक दाबतो. परवा जावयांच्या गाडीत इतक्या जोराने दाबला की पायाखालच्या मॅटला घडी पडली. जावई सभ्य आहेत, काही बोलले नाहीत. आमची सुनंदा मात्र म्हणाली, "ह्यांना पुढच्या वेळी डिकीत बसवा."

चाळीस वर्षं ब्रेकची कामं केल्यावर हे व्हायचंच, असं मी लोकांना सांगतो. ते पूर्ण खरं नाही. हा पाय अस्वस्थ झाला पाच वर्षांपूर्वी. त्याआधी मी कुठल्याही गाडीत बसलो की दहा मिनिटांत घोरत असे.

मी खडकीचा. वडील तिथल्याच कारखान्यात तपासणी विभागात होते. मी आयटीआयला फिटर झालो, चिंचवडला ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत वीस वर्षं काढली आणि मग खडकी बाजाराच्या मागच्या गल्लीत स्वतःची शेड टाकली. रेसच्या आणि रॅलीच्या गाड्या माझ्याकडे येऊ लागल्या, त्या का, ते मलाही नीट माहीत नाही. एकाची केली, त्याने दुसऱ्याला सांगितलं. गेल्या वर्षी शेड बंद केली. दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "गायकवाड, तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा."

गमती आहेत. सदाशिव पेठेतले एक गृहस्थ एकदा स्वच्छ पुसलेली गाडी घेऊन आले आणि म्हणाले, "आमच्या गाडीला रेसचा पेडल बॉक्स बसवायचा आहे."

"कुठल्या ट्रॅकवर पळवता?"

"ट्रॅकवर कशाला? लक्ष्मी रोडने मंडईत जातो."

मी त्यांना स्टुलावर बसवून अर्धा तास समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, उठले आणि म्हणाले, "म्हणजे तुम्हाला बसवता येत नाही. तसं सांगा की. त्यासाठी एवढं व्याख्यान कशाला?"

तेच व्याख्यान तुम्हाला थोडक्यात देतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

घरच्या गाडीत ब्रेक हलका लागतो. कारण पेडलच्या पुढे बूस्टर नावाचा एक गोल डबा असतो. तुम्ही पायाने नुसतं सुचवता, जोर तो लावतो. रेसच्या गाडीतून आम्ही बऱ्याचदा तो डबा काढून टाकतो. चालवणाऱ्याला चाकाची पकड तळपायाला कळायला हवी, मध्ये कोणी मदतनीस नको. मग मूळची पेडलं काढून तिथे एक मजबूत चौकट बसवतात. तिच्यावर क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर. ब्रेकच्या पेडलमागे दोन सिलिंडर, एक पुढच्या चाकांसाठी, एक मागच्या. दोघांना जोडणारी तराजूसारखी दांडी असते. ती सरकवून पुढे किती ब्रेक लागावा आणि मागे किती, हे ठरवता येतं. ही सगळी चौकट म्हणजे पेडल बॉक्स.

बूस्टर गेला की जोर सगळा पायाचा. वळणाआधी ड्रायव्हर ब्रेकवर जवळजवळ उभा राहतो, आणि हे प्रत्येक फेरीत सात-आठ वेळा. तो सगळा जोर चौकटीतून खाली, ती जिथे बसवली आहे तिथे उतरतो. गाडीच्या तळाचा पत्रा बोटाने वाजवून बघा, बिस्किटाच्या डब्यासारखा वाजतो. म्हणून पेडल बॉक्स कुठल्या देशातून मागवला ह्यापेक्षा तो कशावर उभा केला, हे महत्त्वाचं. शेडमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगत असे. फार तोऱ्यात सांगत असे.

केतकी माझ्याकडे आली ती एक जुनी लाल हॅचबॅक ट्रकवर घालून. खराडीला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी, वय एकोणतीस. उंची ती पाच फूट सांगायची, माझ्या टेपने चार फूट अकरा भरली. दोन वर्षं तिने दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या होत्या, पाठीमागे फोमची उशी घालून. जोराचा ब्रेक मारला की उशी दबायची आणि पट्टे सैल व्हायचे. अशा अवस्थेत ती दोनदा तिसरी आली होती.

"काका, सगळ्या गाड्या पाच फूट दहा इंचांच्या माणसासाठी बनवतात," ती म्हणाली. "मला माझ्या मापाची हवी आहे."

"सीट पुढे घेतली तर?"

"डोकं केजच्या, म्हणजे छताखालच्या संरक्षक सांगाड्याच्या पाइपाला लागतं. मोजून झालंय."

मला तिथेच ती आवडली. मोजून येणारी गिऱ्हाइकं कमी.

तिने लॅपटॉप उघडला. तीन पेडल बॉक्सची यादी होती, वजन, माप, सगळं रकान्यात. तिच्या मनात वरून टांगलेला होता. तो हलका असतो आणि बसवायला सोपा.

मी सीट शेडच्या फरशीवर ठेवली आणि म्हणालो, "ताई, सँडल काढा. रेसचे बूट घाला आणि बसा." रेसच्या बुटाचा तळ पातळ असतो, माप त्यातच घ्यावं लागतं. पाय चार नंबरचा. टांगत्या पेडलचा पाय ठेवायचा तवा जिथे आला असता तिथे मी लाकडी फळी धरली. "टाच जमिनीला टेकवून दाबा."

नुसती बोटांची टोकं लागली. तिने टाच उचलून दाबलं.

"असं पंधरा फेऱ्या केलंत तर पोटरीत गोळा येईल. तुम्हाला खालून उगवणारं पेडल पाहिजे, ज्याची बिजागरी टाचेपाशी असते. पाय उचलावा लागत नाही, नुसता पुढे कलतो."

तिने दोन मिनिटं फळीवर पाय पुढेमागे करून बघितला, मग लॅपटॉपमधल्या दोन ओळी तिथेच पुसून टाकल्या. राहिला जमिनीवर बसणारा. पण सीट मागे आणि पाय आखूड, म्हणजे तो बॉक्स मूळ जागेपासून चार इंच मागे आणि दोन इंच वर यायला हवा. त्यासाठी त्याच्याखाली एक स्टँड लागणार होता, मी बनवलेला. मी खडूने फरशीवर आकृती काढली. तीन मिलिमीटर पत्र्याचा चौकोनी स्टँड, तळाच्या पत्र्याखालून जाड प्लेट, आणि स्टँडपासून इंजिनमागच्या भिंतीपर्यंत दोन टेकू, एक डावा, एक उजवा.

ती खडूच्या रेघांकडे बघत राहिली. "काका, ह्यातलं हलणार काय?"

"पेडल," मी म्हणालो. "बाकी काही नाही."

काम सहा आठवडे चाललं. ती शनिवारी यायची, ग्लोव्ह घालून हाताखाली उभी राहायची. मधल्या चहाला मला रेसच्या वळणांबद्दल सांगायची. सांगताना तिचे दोन्ही पाय स्टुलाखाली हलत असायचे. एकदा मी म्हटलं, "ताई, चहा सांडेल." ती म्हणाली, "काका, ह्या वळणाला सांडणारच."

शेवटच्या आठवड्यात उजवा टेकू बसला. डावा बसेना. क्लचची नळी नेमकी त्याच्या वाटेत येत होती. नळी काढून, पुन्हा वाकवून, दुसऱ्या वाटेने न्यायला हवी होती. दीड दिवसाचं काम. गाडी न्यायचा ट्रक दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता. मी सीटमध्ये बसलो आणि ब्रेकवर माझा ऐंशी किलोंचा सगळा भार टाकला. स्टँड हलला नाही. पुन्हा टाकला. हलला नाही. मनात म्हटलं, परत आल्यावर डावा टेकू घालू. मग स्टँडवर टाच टेकवायची ॲल्युमिनियमची पट्टी ठेवून चार स्क्रू आवळले. पट्टीखाली स्टँडचे मागचे दोन्ही कोपरे झाकले गेले.

डाव्या टेकूचं तिला सांगितलं नाही. विसरलो नव्हतो.

स्पर्धा दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर, शनिवारी सराव आणि रविवारी रेस. मीही गेलो होतो. पहिल्या सरावात ती बावीस गाड्यांत पाचवी. खाली उतरली तेव्हा हेल्मेटमधून नुसते डोळे दिसत होते, पण ते हसत होते. दुसऱ्या सरावानंतर उतरली तेव्हा हसत नव्हती.

"काका, पेडल जरा खाली जातंय."

"हवा असेल ब्रेकच्या नळीत."

"खाली, आणि किंचित डावीकडे. असं वाटतंय."

"हवा काढतो," मी म्हणालो.

मी चारही चाकांच्या ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली. हाताने दाबून बघितलं, पेडल दगडासारखं. तिने बसून दाबलं. म्हणाली, "आता बरं वाटतंय. पण उभ्या गाडीत बरंच वाटतं."

माझ्या शर्टाच्या खिशात स्क्रू ड्रायव्हर होता. चार स्क्रू काढून पट्टी उचलायला पाच मिनिटं पुरली असती. ती मी का उचलली नाही, ह्याचा मी पाच वर्षं विचार करतो आहे. कंबर दुखत होती, ऊन होतं, आजूबाजूला माणसं होती, अशी कारणं सापडतात. खरं कारण एवढंच की उघडलं असतं तर काहीतरी दिसलं असतं, आणि दिसलं असतं तर गाडी उभी करावी लागली असती. सगळ्यांना व्याख्यान देणाऱ्या गायकवाडचा एक टेकू बसवलेलाच नाही, हे सगळ्यांना दिसलं असतं.

रविवारी चौथ्या फेरीत, लांब सरळ रस्ता संपून उजवं वळण येतं तिथे, मी जाळीपाशी उभा होतो. लाल गाडी आली. इंजिनाचा आवाज एकदम चढला. मागचा ब्रेकचा दिवा लागला नाही. गाडी वळलीच नाही, सरळ गेली आणि टायरच्या भिंतीत घुसली.

मी पळालो. माझ्या वयाला आणि वजनाला शोभत नाही तसा पळालो. तिला बाहेर काढत होते. उजवा घोटा मोडला होता, दोन बरगड्या, डोक्याला मार. शुद्धीवर होती, पण तोच तोच प्रश्न विचारत होती, "कितवी फेरी?"

ती वाचली हे कळल्यावर जाळीपाशी बोलणं सुरू झालं. एक जण म्हणाला, "आवाज ऐकलास ना? बाईने ब्रेकच्या जागी क्लच दाबला." दुसरा म्हणाला, "दिवाही लागला नाही. पाय पोचला नसेल." कोणीतरी हसलं. मी तिथेच उभा होतो. वळणाआधी ब्रेक मारता मारता गाडी खालच्या गिअरला टाकताना क्लच दाबावाच लागतो आणि तेव्हा इंजिनाचा आवाज चढतो, हे त्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. मलाही होतं.

हॉस्पिटलमध्ये दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मला नीट आठवत नाहीये. मी दाबला असं वाटतंय. काका, ब्रेक ठीक होते ना?"

"ठीक होते."

"मग मीच," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड केलं.

तेव्हा मी खोटं बोललो नव्हतो, निदान मला तसं वाटत होतं. गाडी चौथ्या दिवशी पुण्यात आली. शेडचं शटर अर्धं ओढून मी आत शिरलो आणि चार स्क्रू काढले.

स्टँडचा मागचा डावा कोपरा वेल्डिंगच्या कडेने फाटला होता. फट दोन रंगांची होती. अर्धी काळी, आत धूळ आणि तेल बसलेलं, म्हणजे जुनी, सरावातली. अर्धी चकचकीत, म्हणजे त्या शेवटच्या क्षणाची. उजव्या टेकूने त्याची बाजू धरून ठेवली होती, म्हणून स्टँड डावीकडे पिळला गेला होता. तिने सांगितलं होतं तसंच, खाली आणि किंचित डावीकडे. तराजूची दांडी कडेला अडकली होती, म्हणून पायाचा जोर चाकांपर्यंत पोचलाच नव्हता. ब्रेकच्या दिव्याचा स्विचही मी त्याच स्टँडवर बसवला होता; पेडल त्याच्यापासून सुटून पुढे गेलं की दिवा लागतो. पेडल आणि स्टँड एकत्रच पुढे गेले, मग दिवा लागणार कसा? तिच्याविरुद्धचा पुरावासुद्धा माझ्याच हातचा होता.

मी तो कोपरा कापून काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि हत्यारांच्या कपाटात सगळ्यात खाली ठेवला. फेकून द्यायची हिंमत झाली नाही. दाखवायचीही झाली नाही.

तीन महिन्यांनी केतकी काठी टेकत शेडमध्ये आली. मला वाटलं, तिला कळलं. ती पेढे घेऊन आली होती.

"डॉक्टरांनी काठी सोडायला सांगितलंय," ती म्हणाली. "आणि सॉरी म्हणायचं होतं. तुम्ही सहा आठवडे एवढी मेहनत घेतलीत, मी चार फेऱ्यांत वाया घालवली."

मी म्हणालो, "असं काही नाही हो ताई."

ह्या वाक्यात खोटं काहीच नाही. मी ते वाक्य इतक्या वेळा तपासलं आहे. ती गाडी भंगारात देऊन टाकायला तिने मलाच सांगितलं. रेस सोडल्याचंही सांगितलं, सहज, नोकरी बदलल्यासारखं. गेली तेव्हा पेढ्याचा पुडा हातात घेऊन मी किती वेळ उभा होतो, आठवत नाही.

त्यानंतर माझं काम बिघडलं. म्हणजे काम चांगलं होऊ लागलं, मी बिघडलो. एकेक बोल्ट पाच पाच वेळा आवळायचो. गाडी गेल्यावर फोन करून परत बोलवायचो. गिऱ्हाइकं म्हणायची, काका आता फारच काटेकोर झालेत. आम्ही रविवारी सकाळी विहारात जातो. पंचशील म्हणताना चौथ्या शीलापाशी, खोटं बोलण्यापासून दूर राहीन ह्यापाशी, माझा आवाज आपोआप बारीक व्हायचा. मी मनात वाद घालायचो की मी खोटं बोललो नाही, फक्त सांगितलं नाही. सुनंदाने एकदा घरी येताना विचारलं, "तुम्ही मध्येच थांबता का हो?" त्या दिवशी तिला सगळं सांगितलं, कपाटातल्या तुकड्यासकट.

ती ऐकून म्हणाली, "मग तिला कधी सांगणार?"

"सांगतो."

दर दोन-तीन महिन्यांनी ती विचारायची. मग विचारणं बंद केलं. ते जास्त जड गेलं.

गेल्या वर्षी, शेड बंद करायच्या महिनाभर आधी, रोहन नावाचा एक ड्रायव्हर मित्राला घेऊन आला होता. इंजिनिअर, पंचविशीचा, गाडी उत्तम चालवतो. दोघं माझ्यासमोर त्या दक्षिणेतल्या ट्रॅकबद्दल बोलत होते. रोहन मित्राला म्हणाला, "लांब सरळ संपला की सांभाळ. तिथे केतकी करू नकोस."

माझ्या हातात पाना होता. "काय म्हणालास?"

"केतकी, काका. म्हणजे ब्रेकच्या ऐवजी क्लच दाबणं. सगळे असंच म्हणतात."

"कोण केतकी?"

"कोणी नाही हो. म्हणायची पद्धत आहे. असेल कोणीतरी कधी काळी."

मी त्याला म्हणालो, "होती नाही, आहे. खराडीला राहते. आणि तिने क्लच ब्रेकच्या ऐवजी दाबला नव्हता." मी पुढे काही बोललो नाही, कारण हे त्यांच्याआधी तिला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तिला फोन केला. तिने दुपारच्या सुट्टीत ऑफिसबाहेर बोलावलं. रस्त्याच्या कडेला चहाची टपरी, गळ्यात ओळखपत्रांचे पट्टे घातलेली शंभर मुलं-मुली उभी. ती आली तेव्हा चालताना किंचित लंगडत होती. मी आधी खूप बोलायचं ठरवलं होतं. प्रत्यक्षात डब्याच्या पिशवीतून पुडकं काढून तिच्या हातात दिलं.

तिने वर्तमानपत्र सोडलं. तुकडा उलटा-सुलटा केला. फटीवरून नख फिरवलं, काळ्या भागावर थांबली, मग चकचकीत भागावर गेली. तिला समजावून सांगायची गरज पडली नाही.

"कुठला कोपरा?"

"मागचा डावा. तिथला टेकू मी बसवला नव्हता. वेळ नव्हता, आणि तुम्हाला सांगितलं नाही."

"मी म्हटलं होतं तुम्हाला. खाली जातंय, डावीकडे जातंय."

"हो."

"तुम्ही म्हणालात, हवा आहे."

"हो."

"हे कधी कळलं?"

"चौथ्या दिवशी."

तिने मान वर केली. "मी पेढे घेऊन आले होते काका."

चहावाल्याने दोन ग्लास आणून ठेवले, ते तसेच राहिले. मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "चार वर्षं मी सिग्नलच्या पन्नास फूट आधीच थांबते. मागचे हॉर्न मारतात. आई माझ्या गाडीत बसत नाही, मळमळतं म्हणते. माझा माझ्या पायावर विश्वास नाही, म्हणून. घोट्याचं काय, तो जुळला."

"माफ करा" हे शब्द मी म्हणालो. ते अगदीच लहान वाटले.

"आत्ता नाही," ती म्हणाली. "आत्ता मला राग आलाय. तुम्ही जा, प्लीज. हे माझ्याकडे राहू दे." तुकडा तिने पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळला, अगदी व्यवस्थित, आणि रस्ता ओलांडून गेली.

मी बसने खडकीला आलो. हलकं वाटेल असं ऐकून होतो. तसं काही वाटलं नाही. बस प्रत्येक थांब्याला ब्रेक मारत होती आणि माझा पाय तिच्याबरोबर.

रोहनला बोलावून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "काका, पण हे आता इतक्या जणांच्या तोंडी बसलंय. कोणाकोणाला सांगणार?"

कित्येक महिने केतकीचा काही निरोप नव्हता. मी फोन हातात घ्यायचो आणि ठेवायचो. रोहनचा प्रश्न डोक्यात होताच. ह्याच सुमारास संपादकांचा फोन आला, गमतीजमती लिहा म्हणून. मी केतकीला मेसेज केला की असं विचारत आहेत, मी हे सगळं लिहू का, तुमचं नाव बदलून? उत्तर दोन दिवसांनी आलं. "लिहा. नाव बदलू नका. नाव आधीच सगळीकडे पोचलंय."

म्हणून हा लेख. सुनंदाने पहिल्यांदा वाचला आणि म्हणाली, मंडईवाल्या गृहस्थांचं ठेवा, नाहीतर लोक पुढे वाचणार नाहीत. बाकी तिने काही सुचवलं नाही. केतकी पुन्हा गाडी चालवणार का, ते मला माहीत नाही. विचारायचा हक्क मला आहे असं वाटत नाही. तिने मला माफ केलं आहे का, तेही माहीत नाही.

शेवटचा परिच्छेद मी तिला आधी पाठवला होता. त्यात लिहिलं होतं की जाळीपाशी उभा राहून मी इंजिनाचा आवाज ऐकला, तो नेमका वळणाआधीच्या शंभर मीटरच्या पाटीपाशी, जिथे ब्रेक मारायचा असतो तिथेच चढला, म्हणजे केतकीने बहुतेक वेळेवर ब्रेक दाबला होता, आणि इतक्या जोराने की माझं वेल्डिंग फाटलं. तिने तो कागदावर छापून, एकाच ठिकाणी पेन चालवून, त्याचा फोटो परत पाठवला. 'बहुतेक' हा शब्द तिने खोडला आहे.

केतकीने वेळेवर ब्रेक दाबला होता.